दिवा विझवण्याचे दोन मार्ग

जुन्या स्पोर्ट्स कारचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप गेले की मालकापुढे पहिला प्रश्न खर्चाचा उभा राहतो. दुसरा प्रश्न सावकाश येतो आणि तो जास्त अवघड असतो. मूळचे काढून त्या जागी दुसऱ्याच जातीचे बसवले, तर उरते ती गाडी तीच म्हणायची का? मुंबईकरांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. शिवाजी पार्कच्या मैदानावर घडलेल्या सचिन तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, म्हणून २००२ मध्ये फियाट कंपनीने त्याला मायकेल शूमाकरच्या हस्ते लाल फेरारी ३६० मोडेना भेट दिली. पुढे तिच्या आयात शुल्कातल्या सवलतीवरून वाद झाला, अखेर ते शुल्क फियाटने भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली, तरी लोकांच्या तोंडी ती ‘सचिनची फेरारी’च राहिली. ३६० मोडेनाचे शॉकअप संगणकाच्या ताब्यातले. समजा उद्या ते चारही बदलले, तर हे नाव टिकेल का? बहुतेक जण लगेच हो म्हणतील. इंजिन बदलले तर थोडे थांबतील. सांगाडाही बदलला तर गप्प होतील. ही रेघ नेमकी कुठे पडते आणि कशाच्या आधारावर पडते, हे तपासण्यासारखे आहे, कारण गाडीबद्दलचे आपले उत्तर माणूस, देऊळ आणि संस्था यांनाही लागू पडणार आहे.

आधी वस्तू नीट पाहू. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. खड्डा आला की ती दबते, उसळते आणि तिला मोकळे सोडले तर बराच वेळ वरखाली होत राहते. ही उसळी शमवण्याचे काम शॉकअपचे. नळकांड्यात तेल भरलेले असते, त्यातून दट्ट्या सरकतो, तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते आणि हालचालीतली ताकद उष्णता होऊन निघून जाते. साध्या शॉकअपमधली ही वाट कारखान्यातच ठरलेली असते. इलेक्ट्रॉनिक शॉकअपमध्ये विजेवर चालणारी झडप ती वाट कमीजास्त करते. गाडीवरचे सेन्सर वेग, स्टिअरिंगचा कोन, अंगाचे हेलकावे टिपतात, संगणक क्षणाच्या छोट्याशा भागात हिशेब करतो आणि झडपेला हुकूम देतो. पुढे वीसेक वर्षांत सील कडक होतात, तेल पाझरते, आतला वायू निघून जातो, झडपेची कॉइल तुटते. मुंबईच्या खाऱ्या, पावसाळी हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. मग डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागतो. तो दिवा म्हणजे गाडीने स्वतःबद्दल दिलेली साक्ष आहे. आपला एक अवयव हुकूम पाळत नाही, एवढेच ती सांगत असते.

इथून मालकापुढे वाटा फुटतात. कंपनीचाच नवा संच मागवता येतो. तो महाग असतो आणि जुन्या मॉडेलचा असेल तर अनेकदा मिळतही नाही. मूळचेच उघडून, नवी सील आणि नवे तेल घालून रिकंडिशन करता येतात. आणि तिसरी वाट म्हणजे चांगल्या प्रतीचे साधे शॉकअप बसवणे. ही तिसरी वाट धरली की पेच उभा राहतो, कारण झडपाच उरल्या नाहीत म्हणून दिवा लागलेलाच राहतो. तो विझवण्याचे दोन मार्ग आहेत. ज्या गाडीची साधे शॉकअप असलेली आवृत्तीही कंपनीने काढली होती, तिच्या संगणकाला योग्य यंत्राने तसे सांगता येते: आता इथे इलेक्ट्रॉनिक शॉकअप नाहीत, तू त्यांची वाट पाहू नकोस. २००४ साली आलेल्या पोर्शे ९११ कॅरेरात असे शॉकअप ऐच्छिक होते, त्यामुळे अशा गाडीच्या संगणकाला हे वाक्य समजण्यासारखे आहे. दुसरा मार्ग स्वस्त. झडपेइतकाच विद्युत रोध असलेला रेझिस्टर कनेक्टरला जोडायचा. संगणकाला वाटते झडप जागेवर आहे आणि तो निश्चिंत होतो. मुंबईत गाड्यांचे सुटे भाग ऑपेरा हाऊसला मिळतात, आणि तिथूनच सुरू होणाऱ्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आहेत. शॉकअप आणि रेझिस्टर एकाच फेरीत मिळतील. दोन्ही मार्गांनी दिवा विझतो, डॅशबोर्ड सारखाच दिसतो, गाडीही सारखीच धावते. तरीही पहिल्या मार्गाने जाणारी गाडी तीच राहते आणि दुसऱ्या मार्गाने तिचे तेपण, म्हणजे तिचे तीच असणे, दुखावले जाते, असे माझे म्हणणे आहे. बदलाने वस्तूची ओळख मोडत नाही. बदल लपवल्याने मोडते.

या प्रश्नाचा जुना आधार एका वाहनातच सापडतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात भारताच्या वायव्येकडे राज्य करणारा ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पाली ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात आहे. नागसेन राजाला विचारतात, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे वगळून उरते ते रथ का? तेही नाही. अखेर राजाच सांगतो की या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ असा व्यवहार चालतो, आणि माणसाचेही तसेच आहे, असे नागसेन दाखवून देतात. हा विचार मुंबईला परका नाही. पालीचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी १९३०च्या दशकात परळच्या गिरणगावात बहुजन विहार उभारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले, त्याला पुढे याच राजाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा त्यांना आदर्श वाटला, याला अर्थ आहे.

नागसेनांचे उत्तर अर्धेच ऐकले तर पहिला आक्षेप तयार होतो. रथ हे केवळ नाव असेल, तर गाडी तीच की वेगळी या प्रश्नालाच अर्थ नाही. नाव ठेवणाऱ्याची मर्जी. पण तोच ग्रंथ ही पळवाट बंद करतो. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि पकडल्यावर म्हणतो, याने लावली ती कोय वेगळी, मी घेतलेले आंबे वेगळे, मग माझा गुन्हा कसला? राजा म्हणतो, तो दोषीच. कारण हे आंबे त्या कोयीच्याच आधाराने आले. इथे संवादाची खरी पकड आहे. आत कुठलाही न बदलणारा गाभा नसला तरी एका अवस्थेतून दुसरी अवस्था येते, आणि त्या ओघाबरोबर जबाबदारी वाहत येते. ‘तीच’ हा शब्द आपण कशासाठी वापरतो, हे त्यातून कळते. काल या गाडीने अपघात केला असेल तर आज तिच्यावर दावा लागतो, तिचे कर्ज आज फेडावे लागते, तिच्यावर आधी झालेले काम आजच्या मिस्त्रीला ठाऊक असावे लागते. तेपण म्हणजे मागचे देणे पुढे चालू राहणे. आणि देणे चालू राहायचे तर मागे काय झाले ते पुढच्याला कळले पाहिजे. लपवलेला बदल हा ओघ तिथेच तोडतो.

न्याय-वैशेषिकांचा आक्षेप जास्त काटेकोर आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते, पण ती अवयवांवरच टेकलेली असते. म्हणून एक धागा काढला तर जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे वस्त्र उपजते. ‘हे तेच’ असे आपल्याला वाटते ते सारखेपणामुळे. या हिशेबाने शॉकअप बदललेली गाडी ही दुसरीच गाडी, आणि तसे म्हणणे हाच प्रामाणिकपणा. या मताचा धीटपणा मला मान्य आहे, पण ते फार महागात पडते. तेल बदलले, टायर बदलला, रंगाचा टवका उडाला, की दर वेळी नवी गाडी. मग आंबे चोरणाऱ्याची सबब खरी ठरेल. जैन तत्त्वज्ञांनी यातून जी वाट काढली ती इथे जास्त उपयोगी आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार जे आहे त्यात उपजणे, नष्ट होणे आणि टिकणे ही तिन्ही एकत्र असतात. शॉकअप गेले हे खरे, नवे आले हेही खरे, गाडी टिकली हेही खरे. एक सांगण्यासाठी दुसरे नाकारावे लागत नाही. नाकारायला लागलो की समजावे, कुठेतरी खोटेपणा शिरला आहे.

आपल्या धार्मिक आचारात हे शहाणपण केव्हाचे मुरलेले आहे. प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर १९ नोव्हेंबर १८०१ रोजी उभे राहिले, माटुंग्याच्या देऊबाई पाटील यांच्या पैशाने. ते घुमटीवजा छोटे देऊळ आज नाही; १९९०च्या दशकात त्या जागी सोन्याचा कळस मिरवणारी बहुमजली वास्तू आली. मूर्ती तीच, मंदिर नवे, आणि भाविकांना आपण दुसऱ्या सिद्धिविनायकाला आलो असे वाटत नाही. लालबागचा राजा तर याच्याही पुढे जातो. मंडळ १९३४ चे. मूर्ती दरवर्षी नवी घडते, तिची प्राणप्रतिष्ठा होते आणि अनंत चतुर्दशीनंतर ती गिरगाव चौपाटीवर विसर्जित होते. मागच्या वर्षीच्या मूर्तीचा कणही पुढच्या मूर्तीत नसतो, तरी रांगेत उभा राहिलेला माणूस ‘राजा आला’ असेच म्हणतो. कोणी म्हणेल, हा श्रद्धेचा विषय, तिथे तर्क लावू नये. पण इथे तर्काला धक्का लागेल असे काहीच नाही. मूर्ती जुनीच आहे असे कोणी भासवत नाही. तिचे पाद्यपूजन सर्वांना दाखवून होते, विसर्जन लाखो लोकांसमोर होते, मंडळ आपले कितवे वर्ष ते कमानीवर लिहिते. पदार्थ पूर्ण बदलूनही सातत्य टिकते, कारण प्रत्येक बदल विधीने, म्हणजे सर्वांसमक्ष, झालेला असतो. उद्या एखाद्या देवळातली प्राचीन मूर्ती गुपचूप काढून हुबेहूब प्रत बसवली, तर पदार्थातला बदल लालबागपेक्षा जास्त नसेल, पण भाविक त्याला फसवणूक म्हणतील, आणि बरोबर म्हणतील.

जुन्या गाड्यांचा संग्राहक इथे अडवेल. त्याच्या लेखी मूळपणाच सर्वस्व. इंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळला पाहिजे, स्क्रूसुद्धा त्या वर्षीचा हवा. साधे शॉकअप बसवलेली गाडी त्याच्या दृष्टीने बाटलेली. या आग्रहामागे प्रेम आहे. कारागिराने काय विचार केला होता, हे पुढच्या पिढीला जसेच्या तसे दिसावे, ही इच्छा थोर आहे, आणि मूळचे शॉकअप दुरुस्त होण्यासारखे असतील तर तेच दुरुस्त करावेत असे मलाही वाटते. पण शॉकअप हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे. तेल पाझरलेला, झडप अडकलेला मूळ शॉकअप कारागिराचा विचार दाखवत नाही. वळणावर अंग टाकणारी, खड्ड्यातून गेल्यावर उसळत राहणारी गाडी त्याने कधीच बनवली नव्हती. पदार्थ मूळचा ठेवून काम गमावले तर मूळपणही गेलेच. म्हणून ‘तीच गाडी’ म्हणायला दोन गोष्टी लागतात. तिने आपले काम करत राहावे, आणि ते काम आता कोणाच्या आधाराने चालले आहे हे तिने खरे सांगावे. संग्राहकाने पहिली अट विसरू नये, जुगाड करणाऱ्याने दुसरी.

कायद्यानेही साधारण हीच रेघ ओढली आहे. ताडदेवच्या आरटीओत गाडीची ओळख चासी क्रमांकाने आणि इंजिन क्रमांकाने होते. इंजिन बदलता येते, पण कळवून आणि नोंद करून. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. शॉकअपसारखा भाग मात्र नोंदणीपुस्तकात येतच नाही. म्हणजे कायदा जिथे पाहतो तिथे तो बदलाची नोंद मागतो, आणि जिथे पाहत नाही तिथे ती नोंद मालकाच्या सदसद्विवेकावर सोपवलेली असते. नैतिकतेचे काम अशा जागीच सुरू होते.

सगळ्यात जोरदार आक्षेप व्यवहारी माणसाचा. नवे शॉकअप उत्तम आहेत, गाडी पूर्वीपेक्षा सुरक्षित झाली आहे, रेझिस्टरने कोणाचे काय बिघडले? संगणक म्हणजे काही माणूस नव्हे की त्याच्याशी खोटे बोलल्याचे पाप लागेल. संगणकाशी खोटे बोलण्यात पाप नाही, हे खरे. पण दिवा संगणकासाठी लावलेलाच नव्हता. तो लावला आहे गाडी चालवणाऱ्यासाठी. आज मालक स्वतः, उद्या त्याची मुलगी, परवा विकत घेणारा, तेरवा जॅक लावून खाली वाकलेला मिस्त्री. हे सगळे जण चाकाच्या कमानीआड काय आहे ते पाहू शकत नाहीत, म्हणून दिव्यावर विसंबतात. रेझिस्टर लावला की दिवा खोटी ग्वाही देऊ लागतो. मालक स्पोर्टचे बटण दाबतो, डॅशबोर्डवर अक्षरे उमटतात, आणि खाली काहीच बदलत नाही. सांगणे आणि असणे यांच्यातला दुवा तुटला आहे, हे ज्याला माहीत आहे त्याचे आज नुकसान होणार नाही. ज्याला माहीत नाही त्याचे होईल. शिवाय आज एका दिव्यापुरती केलेली सवय तिथेच थांबत नाही. एअरबॅगचा दिवाही अशाच रेझिस्टरने विझवता येतो. ज्या गॅरेजमध्ये दिवा विझणे म्हणजेच दुरुस्ती असे ठरते, तिथे यापुढे कोणत्याच दिव्यावर भरवसा ठेवता येत नाही. मी ज्याला साक्ष म्हणतो ती एका भागाची मालमत्ता नसते. ती डागाळली की सगळ्या गाडीचा शब्द हलका होतो.

यावर कोणी उलट टोक गाठेल. नोंद आणि खरेपणा एवढेच महत्त्वाचे असेल, तर मी फेरारीची हुबेहूब नक्कल बनवतो, ‘ही नक्कल आहे’ असे ठळक लिहितो. मग ती ‘सचिनची फेरारी’ होईल का? होणार नाही. नकलेची खरी नोंद तिचा उगम दुसरीकडे आहे असेच सांगेल, आणि आंब्यांचा न्याय पुन्हा लागू होईल: तिचा ओघ त्या कोयीपासून आलेला नाही. खरेपणा सातत्य निर्माण करत नाही, असलेले सातत्य जपतो. ओघ, काम आणि साक्ष या तिन्हींपैकी एकही सुटून चालत नाही. ओघ नसेल तर ती प्रतिकृती, काम नसेल तर ती शोकेसमधली वस्तू, आणि साक्ष नसेल तर ती बनावट. सांगाडाही बदलण्याचा प्रश्न आला की लोक गप्प का होतात, तेही यातून कळते. एकेक भाग वर्षानुवर्षे, नोंद ठेवत बदलला तर ओघ दिसतो. सगळे एकदम बदलले तर नोंद कितीही चोख असली तरी ओघ धरायला जागा उरत नाही.

हा विचार गाडीपुरता असता तर एवढा प्रपंच केला नसता. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातली पहिली हृदयप्रत्यारोपण शस्त्रक्रिया केली. जगातली पहिली होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच गेला, पण तेवढ्या वेळात खाटेवर कोण आहे, असा प्रश्न कोणाला पडला असेल असे मला वाटत नाही. हृदय दुसऱ्याचे, माणूस तोच. नातेवाईक त्याचेच, केस पेपरवरचे नाव त्याचेच. आज पेसमेकर बसवलेल्या माणसाला त्या यंत्राचा तपशील लिहिलेले कार्ड जवळ ठेवायला सांगतात. नव्या डॉक्टरने छातीवर हात ठेवण्याआधी आत काय आहे ते त्याला कळावे, एवढाच त्याचा हेतू. बदललेला अवयव आणि त्याची खरी नोंद मिळून तो माणूस अखंड राहतो. व्यवस्था, संस्था, कुटुंब यांतही रोज कोणी जाते, कोणी येते. जुन्या माणसाच्या खुर्चीत नवा माणूस बसला म्हणून संस्था खोटी होत नाही. पूर्वी जो दक्ष होता त्याच्या जागी नुसता सही करणारा बसवून ‘सर्व ठीक’ असा अहवाल पाठवत राहिले, की होते. गाडीतला रेझिस्टर नेमके हेच काम करतो.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकाला माझे सांगणे सरळ आहे. मूळचे शॉकअप वाचवता येत असतील तर वाचवा. येत नसतील तर संकोच न करता चांगले साधे बसवा. त्याने गाडीचा अपमान होत नाही. संगणकाला खरे सांगता येत असेल तर सांगून दिवा विझवा. सांगता येत नसेल तर तो पिवळा दिवा तसाच जळू द्या, आणि काय बदलले, कधी बदलले, का बदलले हे गाडीच्या कागदांत लिहून ठेवा. जळता दिवा डोळ्यांना खुपेल, विकताना किंमतही थोडी उतरेल. पण त्या गाडीबद्दल विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर मिळेल, आणि ‘ही तीच गाडी’ हे वाक्य मालकाला पुढच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलता येईल.